घरचा एक लागतो

रोज सकाळी चहाचं पाणी उकळायच्या आत फोनवरच्या आमच्या गटात फेदेरेसी नास्सूनाचा आवाज यायचा. "उठलात का रे माझ्या वेड्यांनो? आज कुठे?"

मग आम्ही एकेक जण आपापल्या अंथरुणातून, दुकानातून, टॅक्सीच्या स्टिअरिंगमागून बोलायचो. "मधल्या उतारावर." "उतारावरच, पण पाय घसरतोय." "दलदलीत, बाई, नाकापर्यंत." कंपालात टेकड्या आहेत आणि टेकड्यांच्या मध्ये दलदल आहे, म्हणून आमच्या आजाराला तिने हीच भाषा दिली होती. माथ्यावर चढलं की झोप नको, जेवण नको, देव थेट कानात बोलतो आणि शेजाऱ्याची गाय विकत घ्यावीशी वाटते. दलदलीत उतरलं की आंघोळीचा तांब्यासुद्धा उचलवत नाही. डॉक्टर याला बायपोलर म्हणतात. फेदेरेसी म्हणायची, "नाव त्यांचं, पाय आपले. शहाणी माणसं मधल्या उतारावर घरं बांधतात. आपणही तिथेच राहायचं."

मी रेस्तीतुता. नाकुलाब्येच्या बाजारात गोमेसी शिवते, म्हणजे टोकदार खांद्यांचा, कमरेला रुंद पट्टा बांधायचा तो आमचा सणासमारंभाचा पायघोळ पोशाख. जीभ माझी मुळातच कात्रीसारखी आहे, त्याला आजार कारण नाही. नवऱ्याने सोडून जाताना दोन्ही एकच समजले, ती त्याची चूक. फेदेरेसीबद्दल लोक आता हळहळून बोलतात. मला हळहळ जमत नाही. मला राग येतो, आणि तो कोणाकोणाचा येतो ते सांगते.

फेदेरेसी पूर्वी प्राथमिक शाळेत शिकवायची. तिचे वडील गेले आणि त्यांचे शेवटचे विधी झाले, तेव्हा रीतीप्रमाणे वारस बसवायचा होता. वारसाच्या खांद्यावर झाडाच्या सालीचं कापड घालतात, हातात भाला देतात आणि सगळं कूळ ते बघतं. वारस होता तिचा धाकटा भाऊ, क्रिसोस्तोम मुबिरू. फेदेरेसी तेव्हा कितीतरी दिवस माथ्यावर होती, पण घरच्यांना वाटलं, बापाच्या दुःखाने बडबडते आहे. भावाने भाल्यासाठी हात पुढे केला आणि हिने तो मधल्यामध्ये हिसकावला. सालीचं कापड स्वतःच्या अंगावर ओढून चटईवर बसली आणि म्हणाली, "वाका सगळे. म्हातारा माझ्यात शिरलाय."

काही जण हसले, काही पळाले. चुलतभावांनी तिला दोरीने बांधून केळी न्यायच्या पिकअपमध्ये टाकलं आणि वेड्यांच्या इस्पितळात पोचवलं. नोकरी गेली. मुबिरूने ते कधी माफ केलं नाही. भाऊबहिणींची भांडणं मिटतात हो, पण अख्ख्या कुळासमोर ज्याच्या हातातून बाईने भाला नेला तो पुरुष ते विसरत नाही.

इस्पितळातून परत आल्यावर तिने रस्त्याकडेला टपरी टाकली. रिचार्ज विकायची आणि लोकांचे फोन चार्ज करून द्यायची. गिऱ्हाईक नसलं की स्वतःच्या फोनवर बोटं फिरवत बसायची. तिथे तिला कुठल्या तरी परदेशी विद्यापीठाचे धडे सापडले, बायपोलर असलेल्या माणसांनी आणि त्यांच्या घरच्यांनी कसं राहावं याचे. तिने ते इतक्यांदा ऐकले की टपरीसमोरच्या मोटारसायकलवाल्यांनाही पाठ झाले. मग दर रविवारी चर्च सुटल्यावर ती ते आम्हाला फोनच्या कॅमेऱ्यासमोर बसून, आमच्या लुगांडा भाषेत शिकवू लागली. मागे कोंबड्या ओरडायच्या, मधूनच "आंटी, रिचार्ज!" अशी हाक यायची, आणि हिचं चालूच. "गोरा म्हणतो, ठरावीक वेळी जेवा. त्याला विचारा, ठरावीक वेळी जेवण आलं नाही तर? तर निदान ठरावीक वेळी झोपा, झोप फुकट आहे." किंवा, "चर्चचा उपास करा, पण पाणी सोडलंत तर याद राखा. लिथियमची गोळी चालू आहे. पाणी सुटलं की ती रक्तात साचते, आणि मग पास्टर तुमच्या प्रेतावर प्रार्थना करतो."

आमच्यातल्या कित्येकांना डॉक्टरने वर्षानुवर्षं जे सांगितलं नव्हतं ते या टपरीवरून कळलं.

आणि नियमही तिचाच. प्रत्येकाने वर्गाला घरचं एक माणूस आणायचं, त्याला आम्ही राखणदार म्हणायचो. राखणदाराने गटात सांगितलं, "हा चढतोय," आणि आमच्यापैकी दोघांनी त्याचा आवाज ऐकून मान डोलावली, की संपलं. आजारी माणसाने वाद घालायचा नाही. फोन राखणदाराच्या हातात द्यायचा, अशा दिवसांसाठी डॉक्टरने दिलेली जड गोळी सुरू करायची, आणि दोन आठवडे गर्दीत पाऊल टाकायचं नाही. बाजार नाही, चर्च नाही, समारंभ नाही. ही शपथ बरं असताना घ्यायची, कॅमेऱ्यासमोर.

"आणि नीट ऐका," ती म्हणायची, "माथ्यावरचा माणूस नेहमी म्हणतो, मी ठीक आहे. म्हणून 'मी ठीक आहे' हे उत्तर इथे चालणार नाही. माझंसुद्धा नाही."

हसू नका, या नियमाने माणसं वाचली आहेत. आमचा वास्वा टॅक्सी चालवतो. एकदा तो प्रवाशांनी भरलेली गाडी घेऊन जेरुसलेमला निघाला आणि मलाबाला, केनियाच्या सीमेवर, पोलिसांनी धरला तेव्हा प्रवासी रडत होते. पुढच्या वेळी त्याच्या बायकोने अंगणातच गटाला हाक मारली, आणि वास्वाने शिव्या देत देत का होईना, चावी आणि फोन तिच्या हातात ठेवला. मान राखला तो नियमाचा.

फेदेरेसीची राखणदार होती तिची भाची, इमॅक्युलेट. मुबिरूची मुलगी. सगळे तिला माकू म्हणायचे. माकूची आई आखातात कामाला गेली ती परतली नाही, नव्या आईला जुनं पोर नको होतं, म्हणून ती वाढली आत्याच्या टपरीवर. भाल्याच्या वेळी बहीण वेडी होती, मुलगी सांभाळायला मात्र तीच वेडी चालली! रविवारी माकू आत्यासाठी फोन धरून उभी राहायची, वर्ग चालू असेपर्यंत. आमचे सगळे धडे तिला तोंडपाठ होते. आत्याचा आवाज किंचित चढला तरी तिच्या भुवया वर जायच्या.

माकूला बेनेडिक्ट सेंपाला भेटला. बँकेत नोकरी, अंगावर इस्त्रीचा शर्ट, आणि कान असे की पहिल्यांदा तेच घरात यायचे. आमच्यात मुलगा आधी मुलीच्या आत्याकडे जातो. तिला तो पसंत पडला तर तीच मुलीच्या बापाला सांगते. म्हणून बेनेडिक्ट साखर, पाव आणि मांस घेऊन फेदेरेसीच्या खोलीत आला, चटईवर बसला, शेंगदाण्याच्या रश्शाबरोबर उकडलेल्या हिरव्या केळ्यांचे मातोके खाल्ले आणि दुसऱ्यांदा मागून घेतले. फेदेरेसी खूश.

"समारंभात तू तुझ्या माणसांत लपून बसशील," ती त्याला म्हणाली, "आणि मी रांगांतून फिरून तुला शोधून काढीन. कुठेही बस. हे कान मी दलदलीतूनसुद्धा ओळखीन."

"आत्या, तुम्हीच ओळखलं नाहीत तर मला मुलगी कोण देणार?" तो म्हणाला, आणि तिघं हसली.

मुलगी दाखवून द्यायच्या त्या समारंभाला आम्ही क्वांजुला म्हणतो. त्यात आत्या म्हणजे पाहुणी नव्हे. भाचीला हाताला धरून तीच बाहेर आणते, परक्या पुरुषांच्या रांगांतून जावई तीच ओळखते, त्याच्या छातीवर फूल तीच लावते. भाल्यानंतर कुळाने फेदेरेसीला कशातही उभं केलं नव्हतं. लग्नात मागच्या बाकावर, मयताला स्वयंपाकाच्या शेडमध्ये. आता सगळ्या कुळासमोर सरळ चालत जाऊन एक काम नीट करून दाखवायचं, एवढंच तिला हवं होतं.

गोमेसीचं माप द्यायला आली तेव्हा दुकानात मावत नव्हती.

"रेस्ती, खांदे असे उभे कर की भावाला मागचं दिसू नये!"

"भावाच्या डोळ्यात घुसतील इतके करते. जरा गप्प उभी राहा."

"मी काल रात्री झोपलेच नाही गं. नुसते ते कान डोळ्यासमोर."

"हे गटात बोलू नकोस," मी म्हटलं. "झोप नाही म्हणालीस की राखणदार शिट्टी वाजवेल."

"वाजवू दे. एक रात्र म्हणजे आनंद. तीन रात्री म्हणजे आजार. मीच शिकवलंय." आणि खरंच, दुसऱ्या दिवशी ती दुपारपर्यंत घोरत पडली होती. मी स्वतः जाऊन पाहिलं.

इकडे बेनेडिक्टच्या आईच्या कानावर भाल्याची गोष्ट गेली. मिसेस सेंपाला, खासगी शाळेची मालकीण, हातात कायम हँडबॅग, घरातसुद्धा. तिने निरोप पाठवला की जिच्या घरात असलं रक्त आहे तिथली मुलगी करायची की नाही याचा विचार करावा लागेल. मुबिरू घाबरला. तंबू ठरला होता, आचारी ठरले होते. पण फेदेरेसीला 'येऊ नकोस' कसं म्हणणार? आत्याला आमंत्रण नसतंच, ती यजमानांपैकी असते. मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. की माकूच्या? ते मला आजही ठाऊक नाही. माकूने मला एवढंच सांगितलं, नंतर, तिच्या स्वतःच्या गोमेसीला हुक लावून घेताना: "आत्याला काही तोटा नाही त्यात. दोन आठवड्यांचाच प्रश्न. माझा जन्माचा." डोळ्यात पाणी नाही की काही नाही. आरशात खांदे बघत होती.

समारंभाच्या आधीच्या रविवारी वर्ग भरला. विषय होता गरोदरपणातल्या गोळ्या. फेदेरेसी मजेत होती, मधेच तिने लग्नातलं गाणंही म्हटलं. आणि माकू फोनमध्ये तोंड घालून म्हणाली, "मला नियम लावायचाय. आत्या चढतेय."

कोंबड्या तेवढ्या ओरडत होत्या.

"कोण?" फेदेरेसी हसली. "मी?"

"रात्री झोपत नाही. भराभर बोलते. गोमेसीला नको इतकं भारी कापड घेतलं. सारखी हसते."

"अगं, तुझं लग्न ठरलंय ना? मग काय रडू?"

"बघा," माकू म्हणाली. "वाद घालतेय."

मी ओरडले, "गाढवांनो, बाई आनंदात आहे! आनंद कधी पाहिला नाहीत का?"

"रेस्तीतुता," आमच्याच गटातली तेओपिस्ता गोड आवाजात म्हणाली, "तुझाही आवाज चढलाय हं. तुझ्या राखणदाराला बोलवू का?" तेओपिस्ताला गोळ्या वेळेवर घेतल्याचा जगात सगळ्यांत जास्त गर्व आहे. "मला तर फेदेरेसीचा आवाज चढल्यासारखाच वाटतो. मी हो म्हणते."

राहिला वास्वा. तो खालच्या आवाजात म्हणाला, "बाई, माझ्या वेळेला मी पण म्हणालो होतो की मी आनंदात आहे. मला नाही कळत. पण नियमात शंका असली तर हो म्हणायचं, असं तुम्हीच शिकवलंत. माझं हो."

फेदेरेसीने कॅमेरा सोडून भाचीकडे पाहिलं. माकू बाजूलाच, दोघी दिसतील असा फोन धरून उभी होती, लहानपणी उभी राहायची तशीच. "माकू," ती हळू बोलली, "तुला खरंच असं वाटतं?"

"हो, आत्या."

तिने पोरीला वाढवलं होतं. खोटं बोलताना तिचा खालचा ओठ आत जातो हे तिला ठाऊक होतं, आणि तो गेलेला आम्ही सगळ्यांनी पडद्यावर पाहिला. फेदेरेसीला सगळं समजलं. ओरडली असती तर चढलेली. रडली असती तर दलदलीत. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा.

"ठीक," ती म्हणाली. "नियम सगळ्यांना सारखा. मी मोडला तर उद्या वास्वा मोडेल, आणि त्याच्या गाडीत माणसं असतात." आणि तिने माकूला मान हलवून खूण केली. पडदा काळा झाला.

मी दोन दिवसांनी गेले तेव्हा ती पलंगाच्या कडेला बसली होती. ती जड गोळी चढलेल्या माणसाला खाली आणते. जो मधल्या उतारावरच उभा आहे त्याला ती कुठे नेते ते मी पाहिलं. जीभ जाड झालेली, ओठांच्या कोपऱ्यातून लाळ, आणि ती पुसायला हात यायला उशीर.

"थुंकून टाक ना," मी म्हटलं. "कोण बघतंय?"

"शपथ घेतलीय." तिला ते दोन शब्द बोलायला किती वेळ लागला.

तेवढ्यात मुबिरू आला, केळ्यांचा घड घेऊन. बहिणीच्या समोर बसला, प्रेमाने तिच्याकडे बघत.

"कशी आहेस, ताई?"

"क्रिसोस्तोम, मी ठीक आहे. मला येऊ दे. मी बोलणार नाही, फक्त फूल लावीन."

"ताई, 'मी ठीक आहे' हे उत्तर चालत नाही," तो म्हणाला. "तूच शिकवलंस ना? मी पण दोन वर्ग ऐकलेत तुझे. फार छान शिकवतेस." तिचे डोळे भरले तसा तो माझ्याकडे वळला. "बघितलंत? आता खाली चालली. बिचारी!" जाताना त्याने घड दारात ठेवला आणि पँटवरची धूळ झटकली.

असा माणूस भाला घेऊन बसतो आणि कूळ त्याला वारस म्हणतं.

समारंभाच्या दिवशी मी दुकान बंद करून गोमेसी तिच्याकडे नेली. म्हटलं, घरात बसून घाल, कोण अडवतं? गोळीमुळे तिला पट्टा बांधता येईना, मी बांधला. खांदे सुंदर उभे राहिले होते. लंडन-दुबईच्या नातेवाइकांसाठी समारंभ फोनवर दाखवत होते, तो मी माझ्या फोनवर लावला, साखरेच्या डब्याला टेकवून.

म्पिगीला मुबिरूच्या अंगणात दोन तंबू, समोरासमोर. मुलाकडचे टोपल्या डोक्यावर घेऊन आले. दोन्ही घरांच्या वतीने बोलायला नेमलेल्या बोलक्यांची नेहमीची चेष्टामस्करी झाली. मग आत्या बाहेर आली. लुवेरोहून आणलेली कोणी लांबची चुलत बहीण, जांभळ्या गोमेसीत. जावयाला तिने जन्मात पाहिलं नव्हतं. रांगांतून एकदा फिरली, दोनदा फिरली आणि फूल लावलं बेनेडिक्टच्या थोरल्या भावाला.

तंबू हसून कोसळायचा बाकी राहिला. मुलाकडचा बोलका ओरडला, "आत्याबाई, हा विकला गेलाय, याला तीन पोरं आहेत!" फेदेरेसीसुद्धा हसली, लाळ पुसत. "कान," ती म्हणाली. "कान बघायचे, बये." आणि क्षणभर मला वाटलं, जाऊ दे, निभावलं.

मग मिसेस सेंपाला उठली, हँडबॅगसकट. सगळ्यांदेखत गोड हसून म्हणाली, "आम्ही ऐकलं होतं की मुलीला सख्खी आत्यापण आहे. तिला नमस्कार करायचा होता."

मुबिरू उभा राहिला. टोपी काढली. "होती," तो म्हणाला. "माझी बहीण फेदेरेसी. देवाने तिला नेलं. आजच्या दिवशी ती हवी होती." त्याचा आवाज खरोखर कापला. सगळे उठून माना खाली घालून उभे राहिले. मुलाकडच्या तंबूत बेनेडिक्टही उठला, आणि त्यानेही मान खाली घातली. माकू चटईवर गुडघे टेकून बसली होती. तिचा ओठ आत गेला.

फोनच्या पडद्यावर खालून शब्द धावू लागले. लंडनहून कोणी विचारलं, "फेदेरेसी कधी गेली?" दुबईहून कोणी लिहिलं, "देव शांती देवो. फार सोसलं तिने." मी लिहिलं, "ती जिवंत आहे, माझ्या शेजारी बसलीय." लगेच उत्तर आलं, "मंगल दिवशी असली चेष्टा करू नये." आणि कोणीतरी माझं लिहिलेलं पुसलं.

"चल," मी उठले. "टॅक्सीने अर्ध्या-पाऊण तासात पोचू. अंगणात जाऊन उभी राहा, अशीच."

"आणि काय सांगू?" ती म्हणाली. शब्द तिच्या तोंडात चिकटत होते. "मी मेले होते, परत उठले, असं? वेड्यांच्या इस्पितळात असं सांगणाऱ्या तिघीजणी होत्या, रेस्ती. तिघींनाही बांधून ठेवलं होतं."

गरज सरो, वैद्य मरो म्हणतात. मुबिरूने नुसतं म्हटलं नाही, करून दाखवलं.

दोन आठवडे झाल्यावर माकूने फोन परत आणून दिला, गुडघ्यावर बसून, दोन्ही हातांनी, रीतीप्रमाणे. "आत्या, बेनेडिक्टच्या मम्मी ऐकतच नव्हत्या. बाबांना काहीतरी सांगावं लागलं. थोडे दिवस जाऊ देत, मग मी सगळं सांगते त्यांना." फेदेरेसीने तिच्या डोक्यावर हात ठेवला. मी असते तर थोबाडीत ठेवली असती. दुसऱ्या दिवशी सकाळी आवाज आला, "उठलात का रे माझ्या वेड्यांनो?" तेओपिस्ता सर्वांत आधी म्हणाली, "मधल्या उतारावर!"

माकूने त्यांना सांगितलं नाही. चर्चमधलं लग्नही झालं. कधीमधी ती बाजारात जाते म्हणून टपरीवर यायची, घाईत बसायची, गाडी लांब लावून. पोटात मूल असताना फेदेरेसीने तिला बजावलं होतं. "आपल्या रक्तात हे आहे. बाळंतपणानंतर झोप उडाली, बोलणं पळायला लागलं, तर लाजू नकोस. त्याच दिवशी मला कळव. हे चर्चचं काम नाही, डॉक्टरचं आहे." माकू म्हणाली, "हो गं आत्या, पाठ आहे मला."

मुलगा झाला. आठवड्याभराने माझ्या दुकानात असताना फेदेरेसीचा फोन वाजला आणि माकूचा आवाज इतका वाहत आला की मला अर्धं कळेना. बाळ राजा आहे, बाळ बोलतं, बाळाने तिला लुंगुज्जाच्या टेकडीची किल्ली दिलीय, आत्या तू ये, सगळ्यांना फूल लावायचंय. मग कोणीतरी फोन ओढून घेतला.

फेदेरेसीने माझ्याच दुकानात कपडे बदलले. ती गोमेसी तिने मला ठेवायला दिली होती. "नीट दिसायला हवं," ती म्हणाली. "वेडी वाटता कामा नये."

सेंपालांचं घर लुंगुज्जाला टेकडीच्या माथ्यावर. फाटकाबाहेर एका चर्चची व्हॅन उभी होती. आत अंगणात पांढऱ्या शर्टातली माणसं टाळ्या वाजवत सैतानाला हुसकत होती. मिसेस सेंपाला फाटकापर्यंत आली.

"मी इमॅक्युलेटची आत्या," फेदेरेसी अगदी हळू, सावकाश बोलली, वर्गात शिकवायची तशी. "फेदेरेसी नास्सूना. बाई, तिला सैतान लागलेला नाही. हा आजार आहे, याला औषध आहे, पण आजच डॉक्टरकडे न्यायला हवं. बाळाला तिच्याजवळ एकटं ठेवू नका."

"तिची आत्या मेली," मिसेस सेंपाला म्हणाली. "मी स्वतः तिच्यासाठी उभी राहिले होते."

तेवढ्यात वरच्या खिडकीच्या गजांत माकूचं तोंड दिसलं. केस मोकळे, डोळे चमकत होते. "आत्या!" ती आनंदाने किंचाळली. "माझी आत्या आली! आत्या, वर ये!"

"ऐकलंत?" मिसेस सेंपाला पांढऱ्या शर्टांकडे वळली. "मेलेल्यांशी बोलायला लागली." त्यांच्या टाळ्या वाढल्या.

बेनेडिक्ट पायरीवर उभा होता, बाळ खांद्यावर घेऊन. दाढी वाढलेली, शर्टाला इस्त्री नाही. फेदेरेसीने त्याच्याकडे पाहिलं. "बाळा," ती म्हणाली, "तू माझ्या चटईवर जेवलास."

"बेनेडिक्ट," आई म्हणाली, "तू ओळखतोस का हिला?"

त्याने आत्याकडे पाहिलं. मग आईकडे. मग खिडकीकडे पाहिलं नाही, मी बघत होते, तिकडे त्याने मानच वळवली नाही. त्याचे कान लाल झाले होते.

"नाही, मम्मी," तो म्हणाला.

वॉचमनने फाटक लावलं. माकूला दोघांनी धरून व्हॅनमध्ये घातलं तेव्हा ती अजून 'आत्या, आत्या' करत होती, आणि व्हॅन आमच्या अंगावरून धूळ उडवत उतारावरून खाली गेली.

आम्ही पायीच निघालो. खालच्या वळणावर फेदेरेसी थांबली, पट्ट्याची सुटलेली गाठ हातात धरून.

"आवाज ऐकलास तिचा?"

"ऐकला."

"चढलीय ना?"

"पार माथ्यावर."

"म्हणजे तू एक, मी दुसरी. दोघी झालो." ती नियमाची जुळवाजुळव करत होती, भर रस्त्यात, मोटारसायकली हॉर्न वाजवत बाजूने जात होत्या. "पण घरचा एक लागतो, रेस्ती. घरच्याने म्हणावं लागतं."

मी तिची गाठ नीट बांधून दिली आणि आम्ही पुढे चालू लागलो.